भुयारातील लूट आणि मनस्ताप : ‘डायब्लो-२’ या खेळाची पंचवीस वर्षे

नवी दिल्ली : दक्षिण दिल्लीतील नेहरू प्लेस ही संगणक व त्याच्या सुट्या भागांची देशातील एक प्रमुख बाजारपेठ आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात तेथील इमारतींमधल्या फरसबंद चौकात संगणकीय खेळांच्या बनावट सीडी उघडपणे विकल्या जात. कॅनॉट प्लेसच्या पोटातील पालिका बाजारातही याहून वेगळी स्थिती नव्हती. अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधी कार्यालयाने जगातील कुप्रसिद्ध बाजारांच्या यादीत नेहरू प्लेसचे नाव घातले, ते अशाच व्यवहारांमुळे. दिल्ली, नोएडा, गाझियाबाद व गुरगाव येथील अनेक घरांतील संगणकांवर ‘डायब्लो-२’ हा खेळ आला, तो प्रामुख्याने याच वाटेने.

कॅलिफोर्नियातील ब्लिझर्ड नॉर्थ या संस्थेने तयार केलेला हा खेळ २९ जून २००० रोजी अमेरिकेत प्रकाशित झाला. जून २०२५ मध्ये त्याला पंचवीस वर्षे पूर्ण झाली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, २० व २१ ऑगस्ट रोजी, संसदेच्या दोन्ही सभागृहांनी ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन विधेयक मंजूर केले. या दोन घटनांचा परस्परांशी थेट संबंध नाही. तथापि नशिबाने मिळणाऱ्या लाभाची ओढ माणसाला तासन् तास पडद्यासमोर कशी बसवून ठेवते, हा प्रश्न दोन्हींच्या मुळाशी आहे, आणि तो समजून घेण्यासाठी ‘डायब्लो-२’ इतके स्वच्छ उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. या खेळाचे गुण ज्या गोष्टीतून निर्माण झाले, त्याच गोष्टीतून त्याने दिलेला मनस्तापही निर्माण झाला आहे.

खेळाचे स्वरूप

या प्रकारच्या खेळांना ‘डन्जन क्रॉलर’ असे म्हटले जाते. खेळाडू एका योद्ध्याची किंवा मांत्रिकाची भूमिका घेतो, गावातून निघतो, भुयारे, थडगी व गुहा यांत उतरतो, तेथील राक्षसांशी लढतो, त्यांच्याकडून पडलेली लूट गोळा करतो आणि परत गावात येऊन ती विकतो किंवा अंगावर चढवतो. मग पुन्हा खाली. कथेचा भाग, म्हणजे मनुष्यदेह धारण करून पूर्वेकडे निघालेल्या सैतानाचा पाठलाग, हा निमित्तमात्र म्हणावा लागेल.

मूळ खेळात अमेझॉन, नेक्रोमॅन्सर, बार्बेरियन, सॉर्सेरेस आणि पॅलाडिन अशी पाच पात्रे होती. २००१ मध्ये आलेल्या ‘लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन’ या विस्तारित आवृत्तीने त्यांत ड्रूइड व असॅसिन या दोघांची भर घातली. पडद्याच्या तळाशी दोन गोळे असतात : तांबडा प्राणशक्तीचा आणि निळा मंत्रशक्तीचा. माऊसची दोन बटणे आणि औषधाच्या बाटल्यांसाठी कीबोर्डवरील चार अंक, एवढ्यावर खेळ चालतो. लहान मुलालाही तो दहा मिनिटांत जमतो आणि प्रौढालाही तो वर्षभरात पुरता उमगत नाही.

या घराण्याचा मूळ पुरुष ‘रोग’ हा खेळ होय. १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियातील विद्यार्थ्यांनी विद्यापीठातील संगणकांवर तो तयार केला. त्यात चित्रे नव्हती. भिंती, दारे आणि राक्षस हे सारे टंकलेखनातील अक्षरांनी व चिन्हांनी दाखवले जात. मात्र दर खेळी भुयाराचा नकाशा संगणक नव्याने रचत असे आणि मरण आले की खेळ संपत असे. ‘डायब्लो’चे प्रमुख रचनाकार डेव्हिड ब्रेव्हिक यांच्यावर ‘रोग’च्या याच वंशावळीतील खेळांचा प्रभाव होता. १९९६ च्या अखेरीस आलेला पहिला ‘डायब्लो’ आरंभी बुद्धिबळासारखा आळीपाळीने खेळण्याचा व्हायचा होता. विकासाच्या काळात तो सलग चालणारा करण्यात आला आणि त्या बदलाने या प्रकाराचे नशीबच पालटले.

भारतीय वाचकाला अशी भुयारे अगदीच परकी नाहीत. देवकीनंदन खत्री यांच्या ‘चंद्रकांता’ या १८८८ च्या हिंदी कादंबरीतील तिलिस्म, म्हणजे खजिना राखणारी मायावी तळघरे, तो फोडणारे वीर आणि वेषांतरपटू ऐयार हे याच कुळातले आहेत. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवरील मालिकेमुळे ते घरोघरी पोहोचले. मराठीत नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ने अद्भुताची हीच गोडी वाचकांच्या काही पिढ्यांना लावली. फरक इतकाच, की तिलिस्म फोडणारा कोण हे कादंबरीत आधीच ठरलेले असते. खेळात ते ठरलेले नसते.

न संपणारे भुयार

‘डायब्लो-२’चे पहिले बळ म्हणजे त्याचा नकाशा. गावे तीच राहतात. पण गावाबाहेरची माळराने, वाळवंटे आणि तळघरे यांची मांडणी संगणक ठराविक तुकडे जुळवून नव्याने करतो. इंटरनेटवरील बॅटलनेट या सेवेवर प्रत्येक नवा खेळ सुरू करताना हे घडते. एकट्याने खेळताना एका काठिण्यपातळीचा नकाशा कायम राहतो, पण राक्षस मात्र परत येताच नव्याने उभे राहतात. यामुळे पाठांतराचा उपयोग मर्यादित राहतो आणि शंभराव्या वेळीही वळणापलीकडे काय आहे याची उत्सुकता टिकते.

दुसरे बळ लुटीचे. राक्षस मेला की काय पडेल, हे संगणक एकामागून एक सोडती काढून ठरवतो : काही पडेल की नाही, पडलेच तर तलवार की शिरस्त्राण, आणि ते साधे, मंत्रभारित, दुर्मीळ, संचातील की अद्वितीय. पांढरा, निळा, पिवळा, हिरवा व सोनेरी अशा अक्षरांच्या रंगांवरून वस्तूची प्रत कळते. त्यातही निळ्या व पिवळ्या वस्तूंचे नेमके गुण पुन्हा सोडतीनेच ठरतात. परिणामी मागच्या दोनशे राक्षसांकडून काही मिळाले नाही तरी दोनशे एकाव्याकडे खेळाडू त्याच आशेने वळतो. बी. एफ. स्किनर व चार्ल्स फर्स्टर या मानसशास्त्रज्ञांनी कबुतरांवर दीर्घकाळ प्रयोग करून १९५७ मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यांत हेच दिसून आले होते. दाणा ठराविक टोचण्यांनंतर मिळण्याऐवजी अनिश्चित टोचण्यांनंतर मिळू लागला, तर कबुतर अधिक सातत्याने टोचत राहते.

तिसरे बळ पात्रघडणीचे. प्रत्येक पातळी चढताना शरीरबळ, चपळाई, जीवनशक्ती व मंत्रऊर्जा यांत वाटण्यासाठी पाच गुण मिळतात, शिवाय कौशल्यासाठी एक. सर्वोच्च पातळी ९९ ची. एकच सॉर्सेरेस कोणाची अग्नीची, कोणाची हिमाची, तर कोणाची विजेची होते. मॅट उल्मेन यांच्या संगीताचाही उल्लेख केला पाहिजे. गावातील गिटारीचे ते उदास सूर खेळ सोडून वर्षे लोटली तरी कानात राहतात.

मनस्तापाचे प्रकार

पात्रघडणीचे हे स्वातंत्र्य सुमारे दहा वर्षे अत्यंत महाग पडत असे. एकदा वाटलेला गुण परत घेता येत नसे. नवखा खेळाडू साहजिकच चार ठिकाणी थोडे थोडे गुण टाकी. पहिल्या ‘नॉर्मल’ पातळीवर ते चालून जाई, दुसऱ्या ‘नाइटमेअर’वर ओढाताण सुरू होई आणि तिसऱ्या ‘हेल’ पातळीवर पात्र निरुपयोगी ठरे. त्या पातळीवर अनेक राक्षसांना हिम, अग्नी, वीज यांपैकी एखाद्या माऱ्याची काहीच बाधा होत नाही. सारे गुण हिमात घातलेल्या सॉर्सेरेससमोर असा राक्षस आला की पळून जाणे एवढाच मार्ग उरतो. चूक कोठे झाली हे कळेपर्यंत कित्येक आठवडे गेलेले असत आणि उपाय एकच असे : नवे पात्र घेऊन पहिल्या गावापासून आरंभ.

त्यातही ऑक्टोबर २००३ मधील १.१० क्रमांकाच्या सुधारणेने अनेकांना धक्का दिला. या सुधारणेने कौशल्ये परस्परांशी जोडली, म्हणजे एकात घातलेला गुण दुसऱ्यालाही बळ देऊ लागला, आणि त्याबरोबरच ‘हेल’ पातळी अधिक कठीण केली. जुन्या हिशेबाने घडवलेली पात्रे त्यामुळे एका रात्रीत अपुरी पडली. गुणांचे फेरवाटप करण्याची सोय आली ती मार्च २०१० मध्ये, १.१३ या सुधारणेबरोबर. प्रत्येक काठिण्यपातळीवर एकदा, पहिल्याच गावातील अकारा या वृद्धेकडून. प्रकाशनानंतर जवळजवळ दहा वर्षांनी मिळालेली ही सवलत पुष्कळांना उशिराचा न्याय वाटली.

मरणाचा प्रकार निराळा. पात्र मेले की त्याची शस्त्रे व चिलखत मृतदेहावरच राहतात आणि खेळाडू गावात रिकाम्या अंगाने जागा होतो. ज्यांनी मारले त्यांच्याच गराड्यात जाऊन आपले प्रेत गाठावे लागते. खेळ बंद करून पुन्हा सुरू केल्यास प्रेत गावात मिळते खरे, पण वरच्या पातळ्यांवर मरताना गेलेल्या अनुभवाचा जो भाग प्रेत गाठल्यावर परत मिळाला असता, त्यावर पाणी सोडावे लागते. ‘हार्डकोर’ प्रकारात तर एकच मरण, आणि तेही कायमचे.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी येणारा ड्युरिएल हा कीटकरूपी राक्षस या संदर्भात कुप्रसिद्ध आहे. त्याची खोली इतकी अरुंद आहे, की आत पाऊल टाकताच तो अंगावर येतो. पेंटियम २३३ प्रोसेसर आणि ३२ मेगाबाइट स्मृती ही या खेळाची किमान गरज होती. कशीबशी ती गरज भागवणाऱ्या संगणकावर सीडीतून त्या खोलीचे दृश्य उलगडेपर्यंत पात्र मेलेले असे. पडदा हलू लागे तेव्हा खेळाडूला दिसे ते आपलेच प्रेत.

याखेरीज निव्वळ कटकटीही होत्या. धावताना दम संपतो आणि पात्र चालू लागते. सापडलेली जादुई वस्तू ओळखण्यासाठी मंत्रपट लागतो. झोळीत दहा उभ्या व चार आडव्या रांगांचे चाळीस चौकोन असतात, भाला त्यांतील आठ व्यापतो, आणि विस्तारित आवृत्तीतील ताईत झोळीतच बाळगले तरच लागू पडतात. म्हणजे पात्र जितके बलवान, तितकी लूट उचलायला जागा कमी. लढाईपेक्षा झोळी आवरण्यात अधिक वेळ जातो, ही तक्रार पहिल्या वर्षापासून होती आणि ती रास्त होती.

अर्धाच मिळालेला खेळ

दिल्लीतील बनावट सीडीवर खेळणाऱ्यांच्या वाट्याला आणखी एक उणीव आली. बॅटलनेटवर जाण्यासाठी प्रत्येक प्रतीची स्वतंत्र, खरी कळ-संख्या आवश्यक असे. बनावट प्रतीवर ती नसे. त्यामुळे एकट्याने खेळणे किंवा एकाच खोलीतील संगणक तारेने जोडून मित्रांसह खेळणे, हेच पर्याय उरत. त्या काळी फोनच्या तारेवरून चालणारे, मिनिटागणिक बिल वाढवणारे इंटरनेट पाहता अस्सल प्रत घेणाऱ्यांनाही आठ जणांचा ऑनलाइन खेळ सहज परवडणारा नव्हता.

याचा परिणाम केवळ सोबतीपुरता नव्हता. लुटीची सारी व्यवस्था बॅटलनेटवरील देवाणघेवाण गृहीत धरून आखलेली होती. एका खेळाडूला बार्बेरियनचे शिरस्त्राण सापडावे, दुसऱ्याला सॉर्सेरेसची काठी, आणि दोघांनी अदलाबदल करावी. एकट्या खेळाडूला मात्र जे हवे ते स्वतःलाच सापडावे लागते. येथे संभाव्यतेचे साधे गणित उपयोगी पडते. एखादी वस्तू हजारात एकदा पडत असेल, तर हजार राक्षस मारल्यावर ती मिळालीच पाहिजे असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात हजार प्रयत्नांनंतरही रिकाम्या हाताने राहण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के असते. शिवाय एक हजार एकाव्या प्रयत्नाला आधीच्या हजारांची आठवण नसते.

२००३ च्या सुधारणेनंतर तर विशिष्ट अक्षरमण्यांच्या क्रमाने सिद्ध होणारी काही प्रभावी शस्त्रे केवळ बॅटलनेटवरील स्पर्धेतच बनवता येऊ लागली. एकट्याने खेळणाऱ्याने सर्व मणी गोळा केले, योग्य क्रमाने बसवले, तरी काहीच घडत नसे. मात्र एकट्यांसाठीही एक खिडकी उघडी होती. संवादाच्या चौकटीत ‘प्लेयर्स ८’ अशी आज्ञा लिहिली की खेळ आठ जण हजर असल्याचे धरून चाले : राक्षस अधिक चिवट होत, पण अनुभव आणि लूटही वाढे. नसलेले सात सोबती गृहीत धरून भुयारात उतरणाऱ्यांची संख्या या शहरात थोडी नसावी.

मनस्ताप काढून टाकला तर?

या सर्व तक्रारी एका तराजूत घालणे योग्य होणार नाही. दम संपणे, मंत्रपट, अपुरी झोळी यांनी खेळात काही भर पडत नव्हती. ते गेले असते तर कोणी हळहळले नसते. प्रेत परत आणण्याची गोष्ट तशी नाही. त्या भीतीमुळेच अंधाऱ्या दारासमोर खेळाडूचा हात क्षणभर थबकतो. तुटीची आणि दुर्मीळतेची तीच कथा : सोनेरी अक्षरे दर दहा मिनिटांनी दिसू लागली तर ती पाहून कोणी खुर्चीतून उठणार नाही.

मे २०१२ मध्ये आलेल्या ‘डायब्लो-३’ने या गोष्टीची जणू परीक्षाच घेतली. संगणकावर तो इंटरनेटशिवाय मुळीच चालत नसे, एकट्याने खेळतानाही. पहिल्याच दिवशी सर्व्हरवरील ताणामुळे ‘एरर ३७’ हा संदेश जगभर गाजला. पुढच्या महिन्यात कंपनीने खऱ्या पैशांचे लिलावघर उघडले. हवी ती तलवार भुयारात न उतरता विकत घेता येऊ लागली. एका वस्तूची कमाल किंमत २५० डॉलर होती आणि शस्त्र-चिलखताच्या प्रत्येक विक्रीमागे कंपनी एक डॉलर घेत असे. दुर्मीळतेच्या मनस्तापावरचा हा अक्सीर इलाज ठरायला हवा होता. प्रत्यक्षात खेळाचा गाभाच पोखरला गेला. राक्षस मारून लूट मिळवणे हा जेथे आनंद, तेथे राक्षस मारण्याचे कारणच उरले नाही. अखेर १८ मार्च २०१४ रोजी ते लिलावघर कंपनीने स्वतःहून बंद केले.

जून २०२२ मधील ‘डायब्लो इम्मॉर्टल’ हा मोबाइलवरचा खेळ याच वाटेने पुढे गेला, पण अधिक चतुराईने. तो खेळायला विनामूल्य आहे. मात्र पैसे मोजून मानचिन्हे विकत घ्यायची, ती वापरून विशेष भुयार उघडायचे आणि तेथे दुर्मीळ रत्न पडेल अशी आशा करायची, अशी सोय त्यात आहे. म्हणजे लिलावघरात निदान वस्तू तरी मिळत असे, येथे विकली जाते ती केवळ संधी. बेल्जियम व नेदरलँड्स या देशांत तेथील कायद्यांमुळे हा खेळ प्रकाशितच करण्यात आला नाही.

भारताच्या २०२५ च्या कायद्यातील व्याख्येचा भर मात्र निराळ्या ठिकाणी आहे. पैसे भरून, त्या बदल्यात पैशांचा किंवा तत्सम लाभ जिंकण्याच्या अपेक्षेने खेळले जाणारे खेळ त्याने निषिद्ध ठरवले, आणि ई-स्पोर्ट्स व सामाजिक खेळ यांना स्वतंत्र स्थान दिले. पैसे भरले आणि बदल्यात पडद्यावरचे, बाजारात न विकता येणारे रत्न मिळाले किंवा मिळाले नाही, हा व्यवहार यांपैकी कोठे बसतो हे वाचून चटकन सांगता येत नाही. मुलाच्या हाती फोन देणाऱ्या पालकासाठी हा प्रश्न पुस्तकी नाही. २००० सालच्या खेळात फार तर अभ्यासाचे तास बुडत, खिसा नव्हे.

दरम्यान, आपल्याकडील रचनाकारांनीही या भुयारांकडे लक्ष वळवले आहे. हैदराबादच्या ओगर हेड स्टुडिओने २०१७ मध्ये ‘असुर’ हा खेळ प्रकाशित केला. त्यात भारतीय पुराणकथांची पार्श्वभूमी आहे, दर खेळी नवा नकाशा आहे आणि कौशल्यवृक्षही दर वेळी बदलतो. गुण चुकीच्या ठिकाणी टाकल्याचे दुःख त्यामुळे एका खेळीपुरतेच राहते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० मधील ‘राजी’ हा काहीसा निराळ्या जातीचा, साहसप्रधान खेळ आहे. त्याच्या सुधारित आवृत्तीत पात्रे हिंदी बोलतात. ‘डायब्लो’च्या कोणत्याही खेळाला भारतीय भाषेचे हे भाग्य लाभलेले नाही.

खुद्द ‘डायब्लो-२’ सप्टेंबर २०२१ मध्ये नव्या चित्रांसह ‘रिसरेक्टेड’ या नावाने पुन्हा बाजारात आला. एक बटण दाबताच पडदा जुन्या, धुरकट रूपात परततो. सोन्याची नाणी आपोआप उचलली जातात आणि आपल्या सर्व पात्रांना मिळून एक सामायिक पेटी आहे. मात्र एकाच खोलीतील संगणक जोडून खेळण्याची सोय सुरक्षेच्या कारणावरून काढून टाकण्यात आली. प्रेत आजही शत्रूंच्या गराड्यातूनच आणावे लागते, दम आजही संपतो, आणि झोळी अजून चाळीस चौकोनांचीच आहे.